ट्रेलरने गाडी नाशिकहून बेंगळुरूला आणि परत: जाताना सुखरूप, येताना भलत्याच पाथर्डीला

ट्रेलरने गाडी पाठवावी का, भरवसा ठेवावा का, किती घेतात, हे मला ओळखीतल्या पाच-सहा जणांनी विचारून झालंय आणि प्रत्येकाला फोनवर अर्धा अर्धा तास तेच सांगत बसावं लागतं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. मोठं होणार आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी एवढंच वाचा: ट्रेलरवर असताना गाडीला फारसं काही होत नाही, जे काय होतं ते ट्रेलरवर चढायच्या आधी आणि उतरल्यानंतर होतं. मी दोन्ही वेळा एकाच कंपनीकडून गाडी पाठवली, एकदा उघड्या ट्रेलरवर आणि एकदा बंद कंटेनरमध्ये, आणि दोन्ही अनुभवांत जमीन-अस्मानाचा फरक. कंपनीचं नाव देत नाहीये कारण आडगाव नाक्यापासून विल्होळीपर्यंत मी जिथे जिथे चौकशी केली तिथे कामाची पद्धत हीच दिसली, एकाला नाव ठेवून बाकीच्यांना सोडण्यात अर्थ नाही.

गाडी बाबांची. २०१५ ची वॅगनआर, एमएच १५ पासिंग. बाबा नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झाले, नोटा छापतात ती प्रेस, त्यामुळे आकडा लिहून ठेवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. गाडी घेतल्या दिवसापासून एक डायरी आहे, प्रत्येक वेळी पेट्रोल टाकलं की किलोमीटर रीडिंग, लिटर, पंप कुठला, सगळं. ही डायरी पुढे कामाला आली म्हणून आधीच सांगतोय. मला कामासाठी जून २०२४ पासून अकरा महिने बेंगळुरूला राहायचं होतं, सोबत बायको आणि तीन वर्षांची मुलगी, आणि बाबा म्हणाले गाडी घेऊन जा, मला आता लांब चालवायची नाही. नाशिक-बेंगळुरू हजार किलोमीटरच्या वर, माझ्या कमरेचं दुखणं जुनं, दोन दिवस सलग ड्रायव्हिंग शक्यच नव्हतं. म्हणून ट्रेलर. आणि अकरा महिने म्हणूनच एनओसी (आरटीओचं ना-हरकत पत्र), रजिस्ट्रेशन बदलणं या भानगडीत पडलो नाही, दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांच्या वर ठेवली तर तिथलं पासिंग करून घ्यावं लागतं असा कायदा आहे, तुमचं काम जास्त दिवसांचं असेल तर आधी नाशिक आरटीओत जाऊन एनओसीचं बघा.

जातानाचं भाडं १५,५०० ठरलं, उघडा ट्रेलर, दोन मजली. विल्होळीजवळ त्यांचं यार्ड आहे तिथे मी स्वतः गाडी घेऊन गेलो आणि बाबाही हट्टाने सोबत आले. तिथे जे ड्रायव्हर मामा भेटले त्यांच्यासाठी खरं तर हा सगळा रिव्ह्यू लिहिला तरी चालेल. चांदवडकडचे, पन्नाशीच्या पुढचे, वीस वर्षं सातपूरहून नवीन बोलेरो आणि स्कॉर्पिओ देशभर पोचवलेला माणूस. बाबांनी गाडीवर कव्हर घालायला आणलं होतं, चांगलं जाड, नवीन. मामांनी बघितलं आणि हात जोडले, म्हणाले काका हे घरी न्या. बाबांना राग आला. मग मामांनी नीट समजावलं की हायवेला वाऱ्याने कव्हर फडफडतं, आतमध्ये धूळ जाते आणि दोन-तीन दिवस तीच धूळ कापडाने पेंटवर घासली जाते, कव्हर काढल्यावर गाडीला पॉलिश पेपर मारल्यासारखं दिसतं. उघडी गाडी नुसती मळते, धुतली की झालं. हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

चढवतानाही बघण्यासारखं होतं. मागून दोन लोखंडी रॅम्प लावतात, त्यावरून गाडी फर्स्ट गिअरमध्ये हळूहळू चढवायची, मध्ये थांबायचं नाही. खालून क्लीनर हाताने डावं-उजवं दाखवत राहतो. आरसे आधीच मिटवलेले. बुटक्या गाड्यांचा बंपर रॅम्प जिथे ट्रेलरला टेकतो तिथे घासतो, म्हणून मामांनी तिथे लाकडाची फळी टाकून चढ कमी केला. वर गेल्यावर हँडब्रेक, गिअरमध्ये, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, आणि मग पट्टे. पट्टे टाकले ते चाकावरून, बॉडीला किंवा खालच्या लोखंडाला नाही. कारण विचारलं तर म्हणाले बॉडीला बांधली की खड्ड्यात गाडी स्प्रिंगवर खाली दबते, पट्टा ढिला पडतो, गाडी वर आली की हिसका बसतो, असे हजार हिसके बसले की एक तर पट्टा तुटतो नाही तर गाडीचं काहीतरी वाकतं. चाक बांधलं की वरची गाडी आपली आपली हलत राहते, झोक्यात बसल्यासारखी. आणि निघाल्यावर तीस-चाळीस किलोमीटरवर थांबून सगळे पट्टे पुन्हा आवळायचे, पहिल्या टप्प्यात ते हमखास सैल पडतात. सिन्नरच्या अलीकडे थांबून त्यांनी खरंच आवळले आणि मला फोटो पाठवला, मी मागितलाही नव्हता.

आमची गाडी खालच्या मजल्यावर होती. तुम्हाला निवडायला मिळालं तर काय घ्यायचं यावर लोक वाद घालतात. वरच्या गाडीला झाडाच्या फांद्या आणि रस्त्यावर लोंबणाऱ्या केबलींचा त्रास, खालच्या गाडीला वरच्या गाडीतून गळणाऱ्या तेलाचा. आमच्या बोनेटवर बेंगळुरूला पोचेपर्यंत इंजिन ऑइलचे सात-आठ काळे थेंब पडलेले होते, शॅम्पूने धुतल्यावर निघाले, डाग राहिला नाही. पण मामा म्हणाले ब्रेक ऑइल गळलं असतं तर पेंट सोलून निघाला असता, आणि ते खरंय, आमच्या गॅरेजवाल्यानेही नंतर तेच सांगितलं. म्हणून मामा लोडिंगच्या आधी वर जाणाऱ्या प्रत्येक गाडीखाली वाकून बघतात, एका जुन्या गाडीला त्यांनी माझ्यासमोर खाली ठेवायला लावलं होतं. तरीही थेंब पडलेच, पण बघितलं तरी होतं.

आता फास्टॅगची गंमत, जी त्यावेळी मला अजिबात गंमत वाटली नव्हती. गाडी गेली त्याच रात्री मोबाईलवर मेसेज, खेड शिवापूर टोल, पैसे कट. मग आनेवाडी. मग तासवडे. मग किणी. मी ताडकन उठून बसलो, म्हटलं ह्यांनी गाडी ट्रेलरवरून उतरवून चालवत नेली की काय, बायको म्हणे पोलिसात जा, बाबा म्हणे मी सांगितलं होतं. मामांना फोन लावला तर लागेना, तासाभराने त्यांचाच आला, कराडच्या पुढे ढाब्यावर जेवायला थांबले होते, त्यांनी व्हिडिओ कॉल लावून टॉर्च मारून गाडी दाखवली, पट्ट्यांसकट जागच्या जागी. झालं असं होतं की टोलनाक्यावरचं मशीन काचेवरचा टॅग रेडिओ लहरींनी वाचतं, त्याला गाडी स्वतः चालतेय का दुसऱ्याच्या पाठीवर बसलीय हे कळत नाही. ट्रेलरचा टॅग वाचला आणि वरच्या-खालच्या ज्या गाड्यांचे टॅग टप्प्यात आले त्यांचेही वाचले. मामा म्हणाले कारखान्यातून निघालेल्या नवीन गाड्यांना बहुतेक टॅग लावलेले नसतात त्यामुळे कंपनीच्या मालात हा प्रॉब्लेम येत नाही, पर्सनल गाड्यांना येतो आणि ऑफिसवाले कुणाला सांगत नाहीत.

मी टॅग देणाऱ्या बँकेकडे तक्रार टाकली, ट्रेलरवरचा फोटो आणि बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याची मालाची पावती, जोडली, चारपैकी दोन टोलचे पैसे परत आले. हायवेची हेल्पलाइन १०३३ आहे तिथेही नोंद करता येते. यावर सोपा उपाय म्हणजे पोळ्या गुंडाळायचा ॲल्युमिनियम फॉइल, दोन-तीन घड्या करून टॅगवर आतून-बाहेरून चिकटवायचा, टॅग काढायचा नाही, काढला की तो खराब होतो आणि नवीन घ्यावा लागतो. आता तर ऑगस्ट २०२५ मध्ये तीन हजारांना सुरू झालेला वार्षिक पास ज्यांनी काढलाय त्यांच्या २०० फेऱ्यांतली एकेक फेरी अशी फुकट जाऊ शकते, त्यांनी तर नक्की लावा.

पाचव्या दिवशी गाडी नेलमंगलाला पोचली, मोठ्या गाड्यांना दिवसा शहरात येऊ देत नाहीत म्हणून तिथेच उतरवतात. ऑफिसने फोन करून सांगितलं की सर आमचा मुलगा गाडी तुमच्या दारात आणून देईल. मामांनी मात्र वेगळा फोन करून सांगितलं, साहेब जमलं तर तुम्हीच या, मी तुमच्या हातात देतो. मी गेलो. किलोमीटर रीडिंग बघितलं, बाबांच्या डायरीतल्या आकड्याच्या पुढे फक्त दोन किलोमीटर, रॅम्प आणि यार्डातले. मामांना चहा पाजला, पाचशे रुपये द्यायला लागलो तर घेईनात, मुलीच्या हातून दिले तेव्हा घेतले. जातानाच्या प्रवासाला मी पाचपैकी पाच देतो, तेल आणि टोल धरूनसुद्धा.

परत येताना, मे २०२५. आठवत असेल, त्या वर्षी मे महिन्यातच पाऊस कोसळायला लागला होता. उघड्या ट्रेलरवर गाडी भिजणार, वाटेत गारा-बिरा, म्हणून ठरवलं की ह्यावेळी बंद कंटेनर, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. भाडं १९,५०० आणि वर ३,००० इन्शुरन्सचे, एकूण साडेबावीस. मामा त्या लाइनवर नव्हते, त्यांचा ट्रेलर तेव्हा गुजरातला होता. बंद कंटेनरबद्दल माझा मोठा गैरसमज होता की बंद म्हणजे सुरक्षित. धूळ-पावसापासून आहे, हे खरं. पण आत गाड्या इतक्या जवळ उभ्या करतात की चालवणाऱ्याला दार पूर्ण उघडता येत नाही, तो खिडकीतून बाहेर पडतो, दाराच्या कडा कंटेनरच्या भिंतीला लागतात, सीटवर बुटाचे ठसे येतात. आणि सगळ्यात मोठं म्हणजे तुम्हाला काहीच दिसत नाही. उघड्या ट्रेलरवर गाडी सगळ्या जगाला दिसते, तिला कुणी हात लावला तर दिसतो.

गाडी न्यायला घरी एक पोरगा आला, हातात छापील फॉर्म. त्यावर गाडीचं चित्र असतं, जिथे ओरखडे-डेंट आहेत तिथे खुणा करायच्या. ह्याने चित्राला हातही न लावता खाली एका ओळीत लिहून टाकलं, गाडीला सगळीकडे स्क्रॅच. ही ओळ जिथे दिसेल तिथे खोडा. त्या ओळीचा अर्थ असा की पुढे काहीही झालं तरी ते आधीपासूनच होतं. मी खोडायला लावली, पोरगा चिडला, म्हणाला सगळे सही करतात. मी म्हटलं मी नाही करत. मग गाडी आदल्या दिवशी धुऊन ठेवली होती तिचे दिवसाच्या उजेडात ३४ फोटो काढले, चारी बाजू, टप, चारही चाकं, बंपर खालून, स्टेपनी, डॅशबोर्ड, आणि किलोमीटर रीडिंग ४६,३१२. ते फॉर्मवर त्याच्याच हाताने लिहून घेतलं. पेट्रोल पाव टाकी. बाबांनी फोनवरून हे सगळं माझ्याकडून करून घेतलं, मी कंटाळलो होतो, पण केलं. टॅगला फॉइल लावायचं मात्र राहिलं कारण मला वाटलं लोखंडी बंद पेटीतून कुठला टॅग वाचला जाणार. हे वाटणं बरोबर होतं, आणि त्यामुळेच पुढचं उघडकीला आलं.

बिल्टीवर पत्ता मी सांगितला होता पाथर्डी फाटा, नाशिक. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये कुणीतरी टाकलं पाथर्डी. बास. फाटा नाही, नाशिक नाही, पिनकोड नाही.

आम्ही रेल्वेने नाशिकला आलो. सातव्या दिवशी सकाळी साडेसातला फोन, साहेब गाडी पाथर्डीला आलीये, घ्यायला या. मी चप्पल घालून खाली उतरलो, घर फाट्यापासून पाच मिनिटांवर. सर्कलला गेलो, उड्डाणपुलाखाली बघितलं, अंबडच्या रस्त्याला बघितलं, कुठेच काही नाही. फोन लावला, म्हटलं भाऊ कुठे उभे आहात, तो म्हणे बस स्टँडच्या समोर. पाथर्डी फाट्याला असलं बस स्टँड नाही. मी म्हटलं बस स्टँड नाही हो इथे, तो म्हणे अहो आहे ना, मोहटादेवीला जायच्या गाड्या इथूनच सुटतात. मोहटादेवी म्हटल्यावर माझ्या पायातलं बळच गेलं. गाडी नगर जिल्ह्यातल्या पाथर्डीला उभी होती. नगरच्याही पुढे पन्नास किलोमीटर, माझ्या घरापासून दोनशेच्या वर. आमची गाडी पुण्याहून नाशिकच्या कंटेनरमध्ये टाकायच्या ऐवजी संभाजीनगरकडे जाणाऱ्या कंटेनरमध्ये टाकली होती, ती नगरला उतरवली आणि तिथून ह्या मुलाने चालवत पाथर्डीला आणली. त्या बिचाऱ्याची काही चूक नव्हती, त्याला जो पत्ता दिला तिथे तो गेला, उलट तोच मला म्हणाला, साहेब तुम्ही ओरडताय ते बरोबर आहे पण मला सकाळपासून चहासुद्धा मिळाला नाही.

ऑफिसला फोन लावले. दिवसभरात अकरा फोन. प्रत्येक वेळी वेगळा माणूस, प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं. संध्याकाळी एक बाई बोलल्या, त्या नीट बोलल्या, म्हणाल्या सर चूक आमची आहे, उद्या गाडी छोट्या कॅरिअरवर टाकून तुमच्या दारात देतो, चालवत आणणार नाही. मी हे वाक्य त्यांना मेलवर लिहून पाठवायला लावलं आणि त्यांनी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोबाईलवर मेसेज आला, शिंदे टोलनाका, पैसे कट. पहिल्यांदा वाटलं जातानासारखंच असेल, उघड्या कॅरिअरवर आहे, टॅग वाचला गेला असेल. तासाभरात गाडी दारात, चालवत आणली होती. सोबतचा माणूस म्हणाला कॅरिअर नाशिकरोडला थांबवलंय, गल्लीत येत नाही, तिथे उतरवली. मी विश्वास ठेवलाही असता. पण मग गाडी चालवत आणणारा पोरगा म्हणाला, साहेब, पेट्रोल टाकलंय बाराशेचं, ते द्या. नाशिकरोडवरून पाथर्डी फाट्याला यायला बाराशेचं पेट्रोल लागत नाही हो. बाबा तोपर्यंत चष्मा लावून गाडीत जाऊन बसलेले. रीडिंग ४६,५८१. बाबांनी डायरी काढली, वजाबाकी केली आणि मोठ्याने वाचली, दोनशे एकोणसत्तर. नगर ते पाथर्डी, पाथर्डी ते नगर, नगर ते नाशिक, साधारण तेवढंच होतं.

माझा सगळ्यात जास्त संताप ह्या २६९ किलोमीटरवर आहे, बंपरवर नाही. बंपरची खालची कड डाव्या बाजूने फाटली होती, रॅम्पवर घासून, ती ३,८०० मध्ये इथे नाशिकच्याच द्वारका सर्कलला नीट करून मिळाली. पण एक अनोळखी पोरगा, त्याच्याकडे लायसन्स आहे का हे मला माहीत नाही, माझ्या वडिलांच्या नावावरची गाडी अडीचशेच्या वर किलोमीटर चालवतो, कोल्हार-संगमनेरच्या त्या रस्त्याने, पावसात, आणि मला सांगतात ती कॅरिअरवर आहे. वाटेत कुणाला लागली असती तर? केसमध्ये गाडीमालक म्हणून बाबांचं नाव आलं असतं, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी त्यांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या असत्या, आणि चालवणाऱ्याकडे लायसन्स नसेल तर इन्शुरन्स कंपनीने हात वर केले असते ते वेगळंच. हे त्यांच्या ऑफिसातल्या एकालाही सुचत नाही ह्याचं मला वाईट वाटतं. त्यांच्या दृष्टीने गाडी पोचली म्हणजे काम झालं.

पोरगा म्हणाला आधी डिलिव्हरीच्या कागदावर सही करा. मी आधी तपासली, पाऊण तास लावला, आणि सहीच्या वर हाताने शेरा लिहिला: बंपर डावीकडे फाटला, रीडिंगमध्ये २६९ किलोमीटर वाढ, दोन दिवस उशीर. त्याचाही फोटो काढला. हा शेरा नसता तर पुढे काहीच झालं नसतं. कोरी सही म्हणजे गाडी व्यवस्थित मिळाली असं तुम्हीच लिहून दिल्यासारखं होतं. भाड्यातले साडेचार हजार डिलिव्हरीच्या वेळी द्यायचे होते ते मी दिले नाहीत, पोरग्याला मात्र पेट्रोलचे बाराशे दिले, त्याच्या खिशातून गेले होते आणि त्याचा काही दोष नव्हता.

मग क्लेम. इथे मला बरंच शिकायला मिळालं. ते ३,००० इन्शुरन्सचे म्हणून घेतलेले, त्याची पॉलिसी मागितली तर पंधरा दिवस आज देतो उद्या देतो, शेवटी कळलं की कुठल्याही इन्शुरन्स कंपनीची पॉलिसी काढलेलीच नाही, बिल्टीवर नुसतं रिस्क चार्ज असं लिहून ते पैसे स्वतःकडेच ठेवतात. इन्शुरन्स म्हणून पैसे मागितले तर सर्टिफिकेट हातात आल्याशिवाय देऊ नका, त्यावर तुमच्या गाडीचा नंबर पाहिजे. आमच्या एजंटने दुसरी गोष्ट सांगितली, तुमची गाडीची स्वतःची पॅकेज पॉलिसी असेल, नुसती थर्ड पार्टी नव्हे, तर रस्त्याने किंवा रेल्वेने गाडी वाहून नेताना झालेलं नुकसान त्यात कव्हर असतं, छापील अटींमध्ये तसं लिहिलेलं आहे. पण क्लेम घेतला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, जातो, बाबांचा ५० टक्के होता, ३,८०० साठी तो घालवणं परवडत नव्हतं. गाडीचं मोठं नुकसान झालं असतं तर मात्र तीच पॉलिसी उपयोगी पडली असती.

बिल्टीच्या मागे बारीक अक्षरात असतं ते वाचा. ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी २००७ चा कायदा आहे आणि २०११ चे नियम आहेत, त्याप्रमाणे तुम्ही मालाची किंमत जाहीर करून जादा रिस्कचं भाडं भरलं नसेल तर त्यांची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच. म्हणजे आमच्या केसमध्ये १९,५०० गुणिले दहा, एक लाख पंच्याण्णव हजार, आणि गाडीची आयडीव्ही, म्हणजे इन्शुरन्समध्ये धरलेली किंमत, होती दोन लाख ऐंशी हजार. गाडी जळून खाक झाली असती तरी त्यांच्याकडून तेवढेच. नवीन पंधरा-वीस लाखांची गाडी पाठवणाऱ्याने हा हिशोब आधी मांडावा आणि बिल्टीवर गाडीची खरी किंमत टाकून घ्यावी. आणि नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते, फोनवर भांडलेलं धरत नाहीत. मी मेल आणि रजिस्टर पोस्ट दोन्ही केलं, ३४ पैकी लागतील ते फोटो, शेरा मारलेला कागद, त्या बाईंचा मेल, फास्टॅगचा मेसेज आणि बाबांच्या डायरीच्या पानाचा फोटो लावला. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर पण तक्रार नोंदवली.

तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. थकवलेले साडेचार हजार त्यांनी सोडून दिले, इन्शुरन्सच्या नावाने घेतलेले ३,००० परत केले, पेट्रोलचे बाराशे दिले. किलोमीटरचं काय, असं मी विचारलं तर म्हणाले सर त्याचं काही करता येत नाही. लेखी माफी मागितली होती ती अजून आलेली नाही.

सामानाचं राहिलं. गाडीत सामान भरून पाठवू नका, बायकोने परत येताना डिकीत मुलीच्या खेळण्यांची पिशवी आणि दोन गोधड्या ठेवल्या होत्या, पिशवी आली, गोधड्या आल्या नाहीत, आणि त्या क्लेममध्येही धरल्या नाहीत कारण फॉर्मवर लिहिलेलं असतं की सामानाची जबाबदारी नाही. त्यातली एक आईच्या हातची होती. आई आता नाही. ह्याचं पैशात काही होत नाही म्हणून मी ते मेलमध्ये लिहिलं नाही, इथे लिहितोय.

उघडा ट्रेलर, जातानाचे ड्रायव्हर मामा: पाचपैकी पाच. बंद कंटेनर आणि ऑफिस: एक, तो एकसुद्धा त्या फोनवरच्या बाईंसाठी, त्यांनी चूक मान्य करून लिहून दिली म्हणून बाकीचं सगळं पुढे सरकलं. पुढच्या महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीची गाडी इंदूरला जाणार आहे, मी मामांना विचारून ठेवलंय, ते कधी रिकामे आहेत त्याप्रमाणे तारीख घेऊ, उघडा ट्रेलर, चढवताना आणि उतरवताना आमच्यापैकी कुणीतरी तिथे उभं राहणार. आणि परतीच्या बिल्टीवर पत्ता बाबा स्वतः लिहिणार आहेत, पाथर्डी फाटा, नाशिक, ४२२०१०, त्यांनी तो आत्ताच एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रीजवर लावलाय.